ताप उतरतो, रोग उरतो

जव्हारजवळच्या शिरपामाळावर पावसाळ्यात ढग अंगावरून चालत जातात. सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांना मानाचा शिरपेच दिला आणि त्यावरून माळाला हे नाव मिळालं, असं इथे सांगतात. सुरतेची ती स्वारी जानेवारी १६६४ मधली, म्हणजे कोरड्या थंडीतली. आषाढ-श्रावणातला माळ वेगळा असतो. आठ-आठ दिवस झड थांबत नाही. आवणीच्या चिखलात बैल दिवसभर भिजतात आणि रात्री शेळ्यांसोबत एकाच कुडाच्या आडोशाला दाटीवाटीने उभे राहतात. ओल, चुलीचा धूर आणि मुताचा उग्र वास. याच दिवसांत घरातलं कोणीतरी जनावराकडे बघून म्हणतं, "याची कूस उडतेय."

या दोन शब्दांत अर्धं निदान झालेलं असतं. निरोगी जनावर छातीने श्वास घेतं, पोट हलकेच साथ देतं. फुफ्फुसात जागा उरली नाही की पोटाचे स्नायू ओढायला लागतात आणि बरगडीमागची कूस भात्यासारखी खालीवर होते. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर हे दृश्य सर्वात जास्त भीती घालतं ते घटसर्पात. घसा सुजतो, श्वासाला घुरघुर लागते आणि सकाळी चाऱ्याला तोंड लावणारी म्हैस दुसऱ्या दिवशी उठत नाही. घटसर्प ज्या जंतूमुळे होतो त्याचं नाव पाश्चुरेला मल्टोसिडा. याच जंतूचे दुसरे प्रकार डुकरांच्या फुफ्फुसात न्यूमोनिया करतात. जनावराला धाप का लागते आणि सूज उतरवणाऱ्या औषधाने नेमकं काय साधतं, हे डुकराच्या फुफ्फुसावरून फार नीट समजतं, कारण जगभरात डुकरं मोठ्या संख्येने बंदिस्त पाळली जातात आणि श्वसनाचे रोग हे त्या धंद्याचं जुनं दुखणं आहे. म्हणून आधी डुकराकडे जाऊ. तिथून परत याच डोंगरात यायचं आहे.

फुफ्फुसात काय बिघडतं

डुकराला घाम जवळपास येतच नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्यापाशी दोनच वाटा आहेत, चिखलात लोळणं आणि भराभर श्वास घेणं. म्हणून फुफ्फुस आजारी पडलं की डुक्कर दोन्हीकडून अडतं. ताप चढतो, आणि तो उतरवायला ज्या श्वासाची गरज असते तोच अपुरा पडतो.

बहुतेक वेळा सुरुवात गाजावाजा न करता होते. मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिये नावाचा अतिसूक्ष्म जंतू श्वासनळीच्या आतल्या केसाळ पेशींना चिकटतो. या पेशींवरचे बारीक केस रात्रंदिवस झाडू मारल्यासारखे हलत असतात आणि धूळ, कफ, जंतू वर घशाकडे लोटत असतात. मायकोप्लाझ्मा हे केसच झडवतो. पिलं कोरडं खोकतात, वाढ मंदावते, पण मरत नाहीत. झाडू बंद पडलेल्या घरात मग बाकीचे शिरतात. त्यात पाश्चुरेला असतो, फ्लूचे विषाणू असतात आणि अ‍ॅक्टिनोबॅसिलस प्ल्यूरोन्यूमोनिये हा सगळ्यांत दांडगा जंतूही असतो. या शेवटच्या जंतूने गाठलेलं डुक्कर कुत्र्यासारखं पुढच्या पायांवर बसतं, तोंड उघडून श्वास घेतं आणि कधीकधी एका दिवसात संपतं. पोटातल्या मोठ्या जंतांच्या अळ्याही वाढताना यकृतातून फुफ्फुसात जातात आणि तिथलं नाजूक अस्तर फाडतात. अमोनियाने भरलेली कोंदट हवा या सगळ्यांना मदत करते. डुकरांच्या न्यूमोनियाला बहुधा एकच कारण नसतं. अनेक कारणं हातात हात घालून येतात.

जंतू आत शिरले की शरीर गप्प बसत नाही. रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात, पांढऱ्या पेशी आणि पाणी बाहेर झिरपतं. लाली, उष्णता, सूज आणि वेदना. हाच दाह. पायाला काटा लागल्यावर हा दाह आपल्याला वाचवतो, कारण पायाला सुजायला जागा असते. फुफ्फुसात तशी जागा नसते. हवेच्या इवल्याशा पिशव्यांत हवेऐवजी द्रव आणि पेशी भरतात. शवविच्छेदनात याची खूण डोळ्यांनी दिसते. निरोगी फुफ्फुस फिकट गुलाबी, स्पंजासारखं हलकं असतं, त्याचा तुकडा पाण्यावर तरंगतो. न्यूमोनिया झालेला भाग जांभळट-लाल, यकृतासारखा घट्ट होतो आणि त्याचा तुकडा तळाशी जातो. त्या बुडालेल्या तुकड्यात हवेला जागाच उरलेली नसते. जनावर जगण्यासाठी ज्या दाहावर विसंबून होतं, त्याच दाहाने त्याचा श्वास कोंडलेला असतो.

सूज उतरवणारं औषध

दाह पसरवण्यात प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रेणूंचा मोठा हात असतो. पेशींच्या आवरणातल्या एका स्निग्ध आम्लापासून ते बनतात आणि ते बनवण्याचं काम सायक्लोऑक्सिजनेज, म्हणजे कॉक्स, हे विकर करतं. हेच रेणू रक्तवाहिन्या रुंदावतात, वेदना तीव्र करतात आणि मेंदूतल्या तापमानाच्या केंद्राला 'अंग अजून तापव' असा निरोप देतात. अ‍ॅस्पिरीन १८९७ पासून तयार होत होतं, पण ते काम कसं करतं याचा उलगडा व्हायला १९७१ उजाडावं लागलं. त्या वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं की अ‍ॅस्पिरीन प्रोस्टाग्लँडिन बनण्याची वाटच अडवतं. या कामासाठी त्यांना १९८२ चं नोबेल पारितोषिक बर्गस्ट्रोम आणि सॅम्युएल्सन या स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर मिळालं.

मेलॉक्सिकॅम, फ्लुनिक्सिन, किटोप्रोफेन, टोल्फेनामिक अ‍ॅसिड, डायक्लोफिनॅक ही सगळी याच वाटेवर आडवी येणारी औषधं. स्टिरॉइड नसलेली दाहशामकं म्हणून ती ओळखली जातात. स्टिरॉइडही सूज उतरवतं, पण त्यासोबत शरीराची लढण्याची ताकद दाबून टाकतं. जंतूंशी झुंज चालू असताना तो सौदा महागात पडू शकतो आणि गाभण जनावर गाभ टाकण्याचा धोकाही असतो.

अशा औषधाने आजारी डुकराला काय मिळतं? काही तासांत ताप उतरतो. छातीतली वेदना कमी झाली की श्वास थोडा खोल जातो. आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे डुक्कर उठून पाण्याकडे जातं, इतरांबरोबर खायला उभं राहतं. तापात पडून राहिलेलं जनावर पाणी पीत नाही. पाणी तुटलं की कफ घट्ट होतो, घट्ट कफ वर येत नाही आणि न्यूमोनिया आणखी मुरतो. हे चक्र औषधाने तुटतं. म्हणूनच अमेरिकेत फ्लुनिक्सिनला डुकरांच्या श्वसनरोगातल्या तापासाठी मान्यता आहे, आणि युरोपात पॅरासिटामॉल आणि सोडियम सॅलिसिलेट पिण्याच्या पाण्यातूनही दिलं जातं.

मात्र या औषधाने एकही जंतू मरत नाही. ते फक्त शरीराची आग आटोक्यात ठेवतं. जंतू मारायला प्रतिजैविक लागतं आणि तेही नेमकं. मायकोप्लाझ्माला पेशीभिंतच नसते. पेनिसिलीन जंतूंच्या पेशीभिंतीवर घाव घालतं, त्यामुळे मायकोप्लाझ्मापुढे ते निरुपयोगी ठरतं. फ्लूसारखा विषाणू असेल तर त्याच्यावर कोणतंच प्रतिजैविक चालत नाही. फुफ्फुसाचा किती भाग वाचतो हे ठरतं योग्य प्रतिजैविक किती लवकर मिळालं त्यावर. नुसत्या दाहशामकाने फुफ्फुस भरून येत नाही. दाहशामक जनावराला वेळ मिळवून देतं. त्या मिळालेल्या वेळात मूळ रोगावर उपचार झाला नाही, तर तो वेळ वाया जातो.

धोका इथेच असतो. सुई टोचली, संध्याकाळी ताप उतरला, जनावराने दोन घास खाल्ले आणि घरच्यांनी सुस्कारा सोडला. तिसऱ्या दिवशी औषधाचा अंमल ओसरतो आणि पुन्हा कूस उडू लागते. मधले दोन दिवस रोग आतल्या आत पसरत असतो. ताप हा शत्रू नसून निरोप्या आहे. त्याला गप्प केल्यावर, त्याने आणलेला निरोप वाचला का, हे विचारायलाच हवं.

काही वेळा तर त्या निरोपाकडे दुर्लक्ष होणं फार महागात पडतं. आफ्रिकन स्वाइन फिव्हर २०२० मध्ये भारतात पहिल्यांदा आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. त्याची सुरुवातही जोराचा ताप, सुस्ती आणि धाप यांनीच होते. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप संपवतो आणि त्यावर औषध नाही. अशा डुकराचा ताप सुईने उतरवून ते बाजारात नेलं, किंवा तीच सुई शेजारच्या डुकराला टोचली, तर उपचाराच्या नावाखाली आपण रोगच वाटतो. एकाच वेळी अनेक डुकरं तापली, कान आणि पोटाची कातडी लाल-जांभळी पडली, तर औषध शोधण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं असतं.

औषधाची स्वतःचीही मर्यादा असते. कॉक्स विकर दाहाशिवाय इतर कामंही करतं. जठराचं अस्तर ते जपतं, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतं. डुकरांना मुळातच जठरव्रण लवकर होतात. उपाशी, पाणी तुटलेल्या जनावराला जास्त मात्रा दिली, किंवा दोन दाहशामकं एकदम दिली, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मात्रा वजनावर ठरते, अंदाजाने नाही. औषध दिल्यानंतर ठरावीक दिवस त्या जनावराचं दूध किंवा मांस वापरायचं नसतं. तो काळ औषधागणिक बदलतो, म्हणून सुई देणाऱ्या डॉक्टरांना हे दिवस विचारून घरात लिहून ठेवावेत.

माळावरून आकाशात

आता परत डोंगराकडे. अमेरिकेतलं पशुवैद्यकाचं पुस्तक डुकराच्या तापावर फ्लुनिक्सिन सांगतं. तिथे मेलेलं डुक्कर प्रक्रिया केंद्रात जातं किंवा त्याचं खत होतं. आपल्याकडे बैल मेला की पिढ्यान्‌पिढ्या तो पाड्याबाहेरच्या माळावर ओढून नेला जात होता. पुढचं काम गिधाडांचं होतं. मोठा बैलसुद्धा थोड्या वेळात हाडांपर्यंत साफ व्हायचा, ना दुर्गंधी, ना रोगराई. औषध जनावराच्या अंगापुरतंच थांबत नाही, हे आपल्याला या पक्ष्यांनी स्वतःच्या मरणाने शिकवलं.

नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडं अचानक दिसेनाशी झाली. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात गिधाडांची घरटी मोजली होती. काही वर्षांनी तिथे परत गेले तेव्हा घरटी ओस पडत होती आणि झाडांवर पक्षी माना टाकून बसलेले दिसत होते. १९९२ ते २००७ या १५ वर्षांत भारतातल्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण सापडलं २००४ मध्ये. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची तपासणी केली. त्यांच्या आतड्यांवर, यकृतावर युरिक आम्लाची पांढरी पूड साचलेली होती आणि मूत्रपिंडात डायक्लोफिनॅक होतं. तापलेल्या, लंगडणाऱ्या गुरांना दिलेलं हे स्वस्त औषध जनावर मेल्यावर मांसात उरत होतं. ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं काही दिवसांत बंद पडत होती. शंभरात एकापेक्षाही कमी मृत जनावरांत ते असतं, तरी गिधाडांची संख्या कोसळायला पुरेसं ठरलं असतं, असा शास्त्रज्ञांचा हिशेब निघाला.

२००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकचं उत्पादन थांबवण्याचा आदेश दिला. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोचतच राहिल्या. औषधाच्या दुकानात ३० मिलिलिटरची बाटली मिळत होती आणि एका माणसाला एका वेळी तेवढं लागतच नाही. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीही फक्त ३ मिलिलिटरची, एका मात्रेची कुपी ठेवली गेली. पुढे किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकवर जुलै २०२३ मध्ये, तर निमेसुलाइडवर डिसेंबर २०२४ च्या अखेरीस जनावरांच्या वापरासाठी बंदी आली. पुस्तकातलं ते फ्लुनिक्सिनही गिधाडांना घातक आहे. मेलॉक्सिकॅम मात्र चाचण्यांत गिधाडांसाठी सुरक्षित ठरलं, आणि नंतर टोल्फेनामिक अ‍ॅसिडही.

मोखाड्याला लागूनच त्र्यंबकेश्वर तालुका आहे. तिथे हरसूलजवळच्या खोरीपाड्यात वनविभागाने गावकऱ्यांच्या साथीने गिधाडांसाठी खाद्यस्थळ केलं आहे. मेलेल्या जनावराला आधी डायक्लोफिनॅकसारखी औषधं दिलेली नाहीत ना, याची चौकशी करून मगच ते तिथे ठेवलं जातं. गिधाडं पाखरांच्या वाटेने उडतात, तालुक्याच्या हद्दीने नाही. खोरीपाड्यात उतरणारं गिधाड जव्हार-मोखाड्याच्या कड्यांवरूनही घिरट्या घालू शकतं. म्हणून मोखाड्यातल्या एखाद्या गोठ्यात धाप लागलेल्या बैलाला कोणती सुई टोचली, याचा संबंध खोरीपाड्याच्या आकाशाशी आहे.

मला या सगळ्यात फार आश्वासक वाटतं ते असं की बैलाचं हित आणि गिधाडाचं हित इथे एकमेकांविरुद्ध नाही. बैलाला आराम देणारं आणि गिधाडाला न मारणारं औषध आपल्याकडे सहज मिळतं. निवड फक्त माहितीने करायची आहे.

गोठ्यात काय करायचं

पहिली गोष्ट, श्वास मोजा. जनावर शांत उभं किंवा बसलेलं असताना, उन्हात किंवा धावून आलेलं नसताना, बाजूला उभे राहा आणि बरगडीमागे नजर ठेवा. कूस एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. पूर्ण मिनिट मोजा. विसावलेल्या मोठ्या डुकराचे मिनिटाला साधारण १० ते २० श्वास असतात, पिलांचे जास्त. आपल्या बैलाचे, शेळीचे ठणठणीत असतानाचे श्वास एकदा मोजून भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले, तर आजाराच्या दिवशी तुलनेला आकडा हाताशी राहतो. त्याच्या दुप्पट झाले, किंवा जनावर मान लांबवून, नाकपुड्या फाकवून श्वास घेऊ लागलं, तर वाट बघू नका.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांना लवकर बोलवा. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा नि:शुल्क क्रमांक आहे. ते येईपर्यंत जनावर कोरड्या जागी न्या, हवा खेळती ठेवा, पण पावसाचा झोत अंगावर येऊ देऊ नका. पाणी समोर ठेवा. तोंडात जबरदस्तीने काढा, तेल ओतू नका. धाप लागलेल्या जनावराला नीट गिळता येत नाही, ते ओतलेलं फुफ्फुसात गेलं तर एका न्यूमोनियावर दुसरा चढतो. घरात उरलेली माणसाची गोळी किंवा सुई देऊ नका.

तिसरी गोष्ट, नाव विचारा. सुई टोचल्यावर "ही ताप उतरवायची, की जंतू मारायची?" हा एक प्रश्न डॉक्टरांना विचारा. दोन्ही असतील तर प्रतिजैविकाचे किती दिवस पुरे करायचे ते विचारा आणि ताप गेला म्हणून मधेच थांबू नका. ताप उतरवायच्या सुईत मेलॉक्सिकॅम आहे का, हेही विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही, उलट त्यांचं काम सोपं होतं.

आणि चौथी, सर्वात स्वस्त गोष्ट पावसाच्या आधीची. घटसर्पाची लस पावसाळ्याच्या तोंडावर टोचून घेतली, जंतनाशक वेळेवर पाजलं, गोठ्याच्या वरच्या बाजूला हवा जायला फट ठेवली आणि रात्री मुताला निचरा मिळाला, तर त्या हंगामात अनेक जनावरांना सुईची गरजच लागत नाही. बाकीची तीनही कामं मोठी होतात ती चौथं राहून गेल्यावर.

सुई दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बैल उठून उभा असेल. कदाचित चाराही खाईल. त्या क्षणी घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो आणि ते स्वाभाविक आहे. पण तेव्हाच थोडा वेळ काढून त्याच्या बाजूला उभं राहावं, कालच्यासारखी कूस पाहावी आणि मिनिटभर श्वास मोजावेत. ताप उतरल्याचं हाताला कळतं, औषध लागू पडल्याचंही त्यावरून कळतं. रोग हटतोय की नाही ते मात्र त्या उडणाऱ्या कुशीतच दिसतं. आकडा खाली आला असेल तर बैल वाटेला लागलाय. नसेल, तर डॉक्टरांना पुन्हा फोन करायची वेळ तीच आहे.